आईने लिहून ठेवलेल्या हुंड्या

नव्या पेढीचा मुहूर्त झाला म्हणजे त्याच दिवशी तिची स्वतःची कमाई सुरू होते असे नाही. गादी मांडली जाते, वहीपूजन होते, पाटी झळकते. पण पहिल्या काही महिन्यांचे भाडे, नोकरांचे पगार, मालाची उचल हे सारे वडीलधाऱ्यांनी बाजूला काढून ठेवलेल्या रकमेतून भागवावे लागते. मग केव्हा तरी गल्ल्यातील रोकड खर्चाला पुरू लागते आणि घरून येणारा पैसा थांबतो. जाणता व्यापारी पेढीचा खरा आरंभ मुहूर्तापासून मोजत नाही, त्या दिवसापासून मोजतो.

सजीवाच्या आयुष्यातही असा एक क्षण असतो. बेडकाच्या बाबतीत तर तो घड्याळ लावून सांगता येतो. अंडे फळल्यानंतर साधारण सात तासांनी बेडकाचा भ्रूण स्वतःची जनुके वापरू लागतो. त्याआधीचे सात तास तो संपूर्णपणे आईच्या पुंजीवर जगत असतो. अंड्याचे दोन, चार, आठ असे तुकडे होत जातात, शेकडो आणि मग हजारो पेशी तयार होतात. आणि या साऱ्या काळात त्याच्या स्वतःच्या जनुकांची वही जवळजवळ मिटलेलीच असते.

मग दोन प्रश्न उभे राहतात. मिटलेली वही नेमक्या कोणत्या क्षणी उघडते? आणि ती उघडल्यावर कातडीच्या पेशीने कातडीचे पान, स्नायूच्या पेशीने स्नायूचे पान आणि आतड्याच्या पेशीने आतड्याचे पान काढावे, हे कोण सांगते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात शास्त्रज्ञांच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या. आज मधुमेहावरील एका नव्या उपचाराची मुळे त्या उत्तरांपर्यंत पोचतात.

प्रयोगशाळेतील आफ्रिकी पाहुणा

या कथेतील बेडूक आपल्याकडे पावसाळ्यात ओरडणारा बेडूक नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील हा प्राणी झेनोपस लेव्हिस या नावाने ओळखला जातो. याला जीभ नसते, मागच्या पायांच्या बोटांना काळी नखे असतात आणि जवळजवळ सारे आयुष्य तो पाण्यातच काढतो. तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. लॅन्सलॉट हॉगबेन हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ केप टाउन येथे असताना या बेडकावर काम करू लागले. गर्भवती स्त्रीच्या मूत्राचा अंश मादी झेनोपसला टोचला तर ती काही तासांत अंडी घालते, हे त्यातूनच पुढे आले. गर्भधारणेच्या तत्पूर्वीच्या चाचण्यांत उंदीर किंवा ससा मारून त्याचे अंडाशय तपासावे लागे. या चाचणीत बेडूक जिवंत राही आणि काही काळाने पुन्हा उपयोगी पडे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून सातव्या दशकापर्यंत अनेक देशांतील रुग्णालयांनी हे बेडूक पाळले, आणि तेथून ते जीवशास्त्रज्ञांच्या हाती आले.

जीवशास्त्रज्ञांना त्यांचे महत्त्व वाटले ते अंड्यांमुळे. झेनोपसचे अंडे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे असते. मानवी अंडपेशीच्या तुलनेत हे प्रचंडच. ते पाण्यात उघड्यावर वाढते, त्यामुळे आईच्या पोटात डोकावण्याचा प्रश्न येत नाही. अंड्याचा वरचा अर्धा भाग काळपट आणि खालचा अर्धा फिकट, बलकाने भरलेला असतो. वरच्या भागातून पुढे कातडी व मज्जासंस्था येते, खालच्या भागातून अन्नमार्ग, यकृत, स्वादुपिंड यांचे अस्तर येते, आणि मधल्या पट्ट्यातून स्नायू, हाडे व रक्त तयार होते. शास्त्रज्ञ यांना अनुक्रमे बाह्यस्तर, अंतःस्तर आणि मध्यस्तर म्हणतात.

प्रत्येकापाशी पूर्ण वही

एकेकाळी असा समज होता, की वाढीच्या ओघात प्रत्येक पेशी आपल्याला नको असलेली जनुके टाकून देत असावी. आतड्याच्या पेशीला डोळ्याच्या जनुकांचे काय काम? ऑक्सफर्ड येथे जॉन गर्डन या तरुण संशोधकाने हा समज तपासला. त्याने झेनोपसच्या अंड्यातील केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केले आणि त्या जागी बेडूकमाशाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक ठेवले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार अशा अंड्यांपैकी फारच थोडी वाढली. पण जी वाढली त्यांतून पोहणारे बेडूकमासे निघाले. पुढे अशाच केंद्रकांपासून वाढलेले प्रौढ बेडूकही त्याने दाखवून दिले. आतड्याच्या पेशीतही डोळ्याचे, मेंदूचे, पायाचे प्रत्येक पान शाबूत होते. फक्त ते मिटलेले होते.

शाळेत असताना जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा आलेला हा विद्यार्थी. शास्त्रज्ञ होण्याची त्याची कल्पना हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मारला होता. गर्डन यांनी ते प्रगतिपुस्तक चौकट करून आयुष्यभर जवळ ठेवले. २०१२ साली त्यांना शिन्या यामानाका यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गर्डन यांच्या प्रयोगाने जुना प्रश्न सुटला आणि त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला. घरातील प्रत्येक भावापाशी पेढीची संपूर्ण खतावणी आहे, एक पानही गहाळ नाही. तर मग कापडाच्या दुकानात कापडाचेच खाते उघडते आणि धान्याच्या दुकानात धान्याचेच, ते कोणाच्या सांगण्यावरून?

मुदतीच्या हुंड्या आणि नेमणूकपत्रे

उत्तराचा पहिला भाग आईच्या अंडाशयात आहे. अंडे मादीच्या शरीरात वाढत असताना त्यात केवळ बलक साठत नाही. आईच्या जनुकांच्या असंख्य नकला आरएनए या रेणूच्या रूपाने त्यात भरल्या जातात. आरएनएची नक्कल म्हणजे प्रत्यक्ष माल नव्हे. पेशीतील यंत्रणा ती वाचते तेव्हा त्यातून प्रथिन तयार होते आणि प्रथिन काम करते. जुन्या व्यापाऱ्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. दर्शनी हुंडी दाखवली की पैसा मिळतो. मुदतीची हुंडी मात्र ठरलेल्या वेळेपर्यंत पेटीत पडून राहते. अंड्यातील आईच्या आरएनएपैकी बऱ्याचशा नकला मुदतीच्या हुंड्यांसारख्या असतात. लिहिल्या गेल्या त्या अंडाशयात. वटतात त्या अंडे परिपक्व झाल्यावर किंवा फळल्यानंतर.

यांतील काही हुंड्यांची रोकड पेशीविभाजनाच्या रोजच्या खर्चासाठी असते. पण काही कागद वेगळ्या जातीचे असतात; त्यांना हुंडी म्हणण्यापेक्षा नेमणूकपत्र म्हणणे योग्य. ते वाचले गेले की जे प्रथिन तयार होते ते स्वतः माल बनत नाही, तर डीएनएवरील विशिष्ट अक्षरे ओळखून तेथे जाऊन बसते आणि शेजारच्या जनुकाची नक्कल सुरू करण्याचा हुकूम देते. अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मराठीत प्रतिलेखन-घटक म्हणता येईल. पेढीच्या भाषेत ते मुनीम. हजारो पानांच्या खतावणीतून नेमके कोणते पान काढायचे हे त्यांना ठाऊक असते.

आईची दूरदृष्टी अशी, की तिने ही नेमणूकपत्रे अंड्यात सर्वत्र सारखी विखरून ठेवलेली नसतात. काही तळाशी, काही वरच्या भागात. अंड्याचे तुकडे पडत जातात तसतशी ती वेगवेगळ्या पेशींच्या वाट्याला येतात. वाटणी कोणी नव्याने करत नाही; ती आधीच झालेली असते.

बारा वेळा दुप्पट

आता वही उघडण्याच्या क्षणाकडे वळू. साधारण बावीस अंश तापमानात झेनोपसच्या अंड्याचे पहिले विभाजन नव्वद मिनिटांनी होते आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाला सर्व पेशी एकाच वेळी दुभंगतात. व्यापाऱ्याच्या घरातील मूलही हा हिशेब बोटांवर करील: दोन, चार, आठ, सोळा करत बारा वेळा दुप्पट केले म्हणजे ४०९६. एवढ्या वेळात भ्रूणाचा आकार वाढत नाही. तोच गोळा अधिकाधिक बारीक पेशींत वाटला जातो. बाराव्या विभाजनानंतर मात्र लय बदलते. विभाजने मंदावतात, पेशींचे एकत्र चालणे मोडते आणि भ्रूणाची स्वतःची जनुके जागी होतात. मोजकी काही जनुके यापूर्वीच हळूच बोलू लागलेली असतात, पण मोठा उठाव होतो तो याच वेळी.

१९८२ साली जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे या क्षणाचा छडा लावला. भ्रूण तास मोजतो की विभाजने मोजतो, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पेशींचे दुभंगणे रोखून पाहिले. डीएनए दुप्पट होत राहिले आणि वेळ झाल्यावर जनुके जागी झालीच. मग त्यांनी अंड्यात बाहेरून जादा डीएनए टोचले. तेव्हा टोचलेले जनुक वेळेआधीच जागे झाले. म्हणजे भ्रूण तासही मोजत नाही आणि विभाजनेही मोजत नाही. तो डीएनए आणि अंड्यातील द्रव्य यांचे गुणोत्तर जोखतो.

हे गुणोत्तर कशामुळे कळते? यात हिस्टोन या प्रथिनांचा मोठा वाटा आहे. डीएनए हिस्टोनांभोवती गुंडाळले जाते आणि गच्च गुंडाळलेले पान वाचता येत नाही. आईने हजारो केंद्रकांना पुरतील एवढे हिस्टोन अंड्यात भरून ठेवलेले असतात. कपाटे एक-दोन असताना कुलपांचा ढीग भरपूर पडतो. कपाटांची संख्या दर अर्ध्या तासाने दुप्पट होते, कुलपे मात्र जवळजवळ तेवढीच राहतात. शेवटी काही कपाटे बिनकुलपाची उरतात. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०१५ साली अंड्याच्या अर्कातून हिस्टोन काढून घेऊन दाखवले, की हिस्टोन कमी केले तर कमी डीएनए असतानाही प्रतिलेखन सुरू होते.

तेव्हा कुलूप निघण्याची वेळ हिशेबाने ठरते. कुलूप निघाल्यावर कोणते पान वाचायचे, ते मुनीम ठरवतात.

एक नेमणूकपत्र फाडले तर

नेदरलँड्समधील पीटर न्यूकोप यांनी १९६९ साली सॅलॅमँडरच्या जातीतील प्राण्यांच्या भ्रूणांवर एक साधा पण निर्णायक प्रयोग केला. वरच्या भागातील पेशी एकट्या वाढवल्या तर त्यांची फक्त कातडीसारखी ऊती होते. खालच्या भागातील पेशी एकट्या वाढवल्या तर त्या बलकाळ गोळाच राहतात. दोन्ही एकमेकींना चिकटवून ठेवल्या की वरच्या पेशींपासून स्नायू आणि मध्यस्तराच्या इतर ऊती तयार होतात. खालच्या पेशी वरच्या पेशींना काही तरी सांगत होत्या. झेनोपसमध्येही पुढे तेच दिसले. १९८५ मध्ये गर्डन आणि सहकाऱ्यांनी स्नायूतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे जनुक खूण म्हणून वापरले. वरच्या पेशींना खालच्या पेशींचा शेजार मिळाला तरच ते जागे होत होते.

पण खालच्या पेशींना ही शक्ती कोणी दिली? १९९६च्या सुमारास निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकाच वेळी एक आरएनए सापडला. त्याला आज वेजटी म्हणतात. आई तो अंड्याच्या तळाच्या अस्तरात जणू टाचून ठेवते आणि त्यातून निर्माण होणारे प्रथिन हे प्रतिलेखन-घटक असते. संशय बळकट होता. पुरावा हवा होता.

तो पुरावा १९९८ साली ख्रिस वायली, जॅनेट हीझमन, मेरी लू किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. अंडे फळल्यावर आईचा आरएनए नष्ट करण्यात अर्थ नव्हता, कारण तोवर त्यातून प्रथिन तयार होऊ लागलेले असते. म्हणून त्यांनी अपक्व अंडी मादीच्या अंडाशयातून काढली, त्यांत वेजटीच्या आरएनएशी जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे टोचले आणि तेवढी एकच नक्कल नष्ट केली. मग ती अंडी परिपक्व करून, रंगवून, दुसऱ्या मादीच्या उदरात ठेवली. तिच्या अंडवाहिनीतून उतरताना त्यांवर आवश्यक ते जेलीचे आवरण चढले आणि ती तिच्या स्वतःच्या अंड्यांसमवेत बाहेर पडली. रंगावरून ओळखून ती फळवण्यात आली.

निष्कर्ष स्वच्छ होता. या भ्रूणांत अंतःस्तर तयार झालाच नाही. ज्या पेशींनी आतडे बनायचे त्या कातडी आणि मध्यस्तर यांच्या वाटेला लागल्या. त्या पाठोपाठच्या प्रयोगांत असेही दिसले, की वेजटी गमावलेल्या खालच्या पेशी आपल्या शेजारणींना स्नायू बनण्याचा निरोपही देऊ शकत नव्हत्या. आईच्या हातचा एक कागद नाहीसा झाला आणि दोन स्तरांचा कारभार कोलमडला.

आता कामाची साखळी दिसू लागली. वेजटी वही उघडताच सॉक्स१७ सारखी जनुके सुरू करते. ती स्वतःही मुनीमच घडवतात, आणि पुढे आतड्या-यकृताची जनुके उघडण्याचे काम त्यांच्याकडे येते. त्याच वेळी वेजटी नोडल नावाच्या निरोप्या प्रथिनांची जनुकेही सुरू करते. ती प्रथिने पेशीबाहेर पडून शेजारी जातात आणि मधल्या पट्ट्यातील पेशींत मध्यस्तराचे खाते उघडतात. तेथून मायोडी हा मुनीम आणि मग स्नायूचे अ‍ॅक्टिन. आई सर्व काही स्वतः करत नाही. ती पहिला मुनीम नेमते, पहिला दुसऱ्याला नेमतो, दुसरा तिसऱ्याला.

भ्रूणाच्या इतर भागांतही हीच रीत आढळली. वरच्या भागात आईने फॉक्सआय२ या घटकाचा आरएनए ठेवलेला असतो. तो बाह्यस्तराचे एक प्रमुख जनुक जागे करतो, असे वायली यांच्याच गटाने २०१२ साली दाखवले. पाठ कोठे आणि पोट कोठे, हा निर्णय बीटा-कॅटेनिन या आईच्याच प्रथिनाच्या मदतीने होतो. शुक्राणू आत शिरला की अंड्याचे बाह्य आवरण आतील द्रव्यावर सुमारे तीस अंश सरकते, आणि शिरकावाच्या समोरच्या बाजूला बीटा-कॅटेनिन टिकून राहून साठते. हा पुरवठा तोडला तर भ्रूणाला पाठ आणि डोके येत नाही. अलीकडे कॅलिफोर्नियातील केन चो यांच्या गटाने झेनोपसच्या दुसऱ्या एका जातीत आणखी एक गोष्ट उघड केली. फॉक्सएच१ हा आईचा घटक जनुके जागी होण्याच्या आधीच अंतःस्तराच्या महत्त्वाच्या जागांवर जाऊन बसलेला असतो. दुकान उघडण्यापूर्वीच मुनिमाने खतावणीच्या योग्य पानांत खुणेचे दोरे घालून ठेवावेत, तसे हे आहे. पुढे वेजटी आणि ओटीएक्स१ हे घटकही त्याच जागी जमतात. एकटा मुनीम अनेक ठिकाणी चुकू शकतो. तिघांची सही जेथे पडते तेथे व्यवहार पक्का होतो.

समूहाचे बळ

गर्डन यांचे आणखी एक निरीक्षण येथे सांगण्याजोगे आहे. १९८८ साली त्यांनी पाहिले, की स्नायू होण्याचा निरोप मिळालेली पेशी एकटीदुकटी पडली तर स्नायू होत नाही. तसाच निरोप मिळालेल्या पुरेशा पेशी एकमेकींना लागून असतील तरच स्नायूची जनुके पूर्णपणे उघडतात. या घटनेला त्यांनी समुदायाचा परिणाम असे नाव दिले. आईचा वारसा आवश्यक असतो, शेजाऱ्याचा निरोप आवश्यक असतो आणि त्यानंतरही समान स्थितीतील सोबत लागते. नव्या गावात पहिले दुकान टाकणाऱ्याला आपल्या माणसांची वस्ती का हवी असते, हे ज्यांनी घरातील थोरांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना या पेशींचे नवल वाटणार नाही.

मधुमेहापर्यंतचा रस्ता

बेडकाच्या अंड्याचा हा अभ्यास माणसाच्या कोणत्या कामाचा, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी स्वादुपिंडात असतात आणि स्वादुपिंड अंतःस्तरातून येते. बहुगुणी मूलपेशींपासून बीटा पेशी घडवायच्या असतील तर आधी त्यांना अंतःस्तराच्या वाटेला लावले पाहिजे. बेडकाच्या भ्रूणांवरील कामातून ठाऊक झाले होते, की अ‍ॅक्टिव्हिन हे प्रथिन नोडलच्याच मार्गाने निरोप पोचवते आणि सॉक्स१७ हा अंतःस्तराचा एक प्रमुख मुनीम आहे. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी मानवी मूलपेशींना भरपूर अ‍ॅक्टिव्हिन देऊन अंतःस्तराच्या पेशी मिळवल्या, आणि त्या खऱ्या आहेत की नाहीत हे ज्या खुणांवरून तपासले त्यांत सॉक्स१७ होते.

जून २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मूलपेशींपासून घडवलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या टाइप-१ मधुमेहाच्या १२ रुग्णांपैकी १० जणांना एक वर्षानंतर इन्सुलिन टोचावे लागत नव्हते.

मात्र येथे सावधपणाचे दोन शब्द आवश्यक आहेत. हा उपचार टाइप-१ मधुमेहाच्या अतिगंभीर रुग्णांवर तपासला गेला आहे आणि त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. बसून व्यापार करणाऱ्या घरांत जो मधुमेह सर्रास दिसतो तो बहुधा टाइप-२ असतो. त्याची कारणे आणि उपचार वेगळे आहेत. मूलपेशींच्या नावाने कोणी तत्काळ बरे करण्याचे आश्वासन देत असेल, तर अवाजवी व्याज देऊ करणाऱ्या पतपेढीकडे ज्या नजरेने पाहावे त्याच नजरेने त्याच्याकडे पाहावे.

या ज्ञानाची किंमत

अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाच्या मनात एव्हाना दुसराही प्रश्न आला असेल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मादी झेनोपस संप्रेरक टोचल्यावर अंडी घालते आणि जिवंत राहते हे खरे. परंतु अपक्व अंडी मिळवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, शुक्राणूंसाठी अनेकदा नराचा प्राण घेतला जातो, आणि ज्या भ्रूणांतून आईचा कागद काढून घेतला ते मुळी वाढूच शकत नाहीत. जगभर नेलेले हे बेडूक काही देशांत निसटून तेथील पाणवठ्यांत उपद्रवी ठरले, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. जमेच्या बाजूला मोठी रक्कम आहे म्हणून नावेची बाजू कोरी सोडली तर तो ताळेबंद खरा नसतो.

आपल्या देशात या प्रश्नावर काही पावले पडली आहेत. बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ साली बंद झाली, आणि महाविद्यालयांतील विच्छेदनाला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली मज्जाव केला. संशोधनाच्या क्षेत्रातही मूलपेशींवर आणि संगणकावर होणारे काम वाढत आहे. ज्या गोष्टी बेडकाने एकदा शिकवल्या त्या शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा जीव खर्ची पडू नयेत, एवढी अपेक्षा कोणत्याही विचारी माणसाने ठेवावी.

हस्तांतर

मानवी भ्रूणही आईच्या पुंजीवरच सुरुवात करतो. इंग्लंडमधील पीटर ब्रॉड आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले, की मानवी भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या अवस्थेत, म्हणजे फलनानंतर साधारण तिसऱ्या दिवशी कामाला लागतात. ज्या अंडपेशीत ती पुंजी साठवली जाते, ती पेशी मात्र आईच्या जन्माआधीच तयार झालेली असते, म्हणजे आजीच्या उदरात. आपल्या वंशावळींत पणजोबा-खापरपणजोबांची नावे सांभाळली जातात; ज्या स्त्रियांच्या पेशींत हा वारसा टिकला त्यांची नावे क्वचितच लिहिलेली सापडतात.

या ज्ञानाचा उलटा वापरही होऊ शकतो. सुरुवात आईच्या पुंजीवर होते, तेव्हा बाळात काही उणे दिसले तर दोषही आईचाच, असा निष्कर्ष काढायला घरातील जिभा तयारच असतात. विज्ञान तसे म्हणत नाही. आईची पुंजी पहिले दोन-तीन दिवस पुरते. त्यानंतर जी वही उघडते तिची निम्मी पाने पित्याची असतात, आणि मूल मुलगा होणार की मुलगी हे तर पित्याच्या शुक्राणूनेच ठरते. अंडपेशीत काय लिहिले जाते यावर कोणत्याही स्त्रीची इच्छा किंवा प्रयत्न चालत नाही.

बेडकाच्या भ्रूणाची वही उघडल्यानंतर आणखी एक गोष्ट घडते. पेशी आईच्या आरएनएच्या नकला एकेक करून मोडीत काढू लागतात. शरीराचे तीन स्तर आकार घेईपर्यंत आईने लिहिलेल्या बहुतेक हुंड्या चुकत्या होऊन नाहीशा झालेल्या असतात. तिने नेमलेल्या मुनिमांनी पुढचे मुनीम नेमलेले असतात, कातडीला कातडीचे आणि आतड्याला आतड्याचे पान सापडलेले असते. दोन-तीन दिवसांनी त्या मोहरीएवढ्या गोळ्यातून बेडूकमासा बाहेर पडून पाण्यात पोहू लागतो. त्याचा कारभार आता त्याच्या स्वतःच्या खात्यावर चाललेला असतो.